साठ सापळ्यांची अणुभट्टी

हेर्त्सोगेनआउराख, जर्मनी
१२ ऑक्टोबर २०१४

प्रिय यशवंता,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? (जिना चढत नसशीलच, पण वहिनींना खोटं सांगत असशील.) लतिकावहिनींना माझा नमस्कार आणि त्यांच्या मेतकुटावर आमचे जावई गौरांगराव बेहद्द खूश आहेत, हेही सांग. माझी प्रकृती ठणठणीत. फक्त उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय. त्याची हकिगत पुढे येते.

निघताना कराडच्या स्टँडवर आपण लावलेली पैज आठवते ना? तीन महिन्यांत माझी नात मुक्ता माझ्याशी सबंध एक वाक्य मराठीत बोलेल, नाहीतर मी मिशी उतरवीन. तर अडीच महिने उलटले आणि मिशीचं काही खरं दिसेना. दहा वर्षांची पोर, तिला सगळं कळतं, पण उत्तर येतं जर्मनमध्ये. मी पंधरा मिनिटं जीव तोडून बोलावं आणि तिने म्हणावं, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. (चाळीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, एकाही विद्यार्थ्याने इतकं मान्य केलं नव्हतं.) पण खरं सांगतो, मन फार खट्टू व्हायचं रे. जावयाशी बोलणं जमतं, वाण्याशी जमतं, आपल्याच नातीशी जमू नये!

अशात तिला शाळेत रेफराट आलं, म्हणजे वर्गापुढे उभं राहून एका विषयावर बोलायचं. विषय काय, तर अणूपासून वीज! म्हटलं, देव पावला. लगेच सुरुवात केली. युरेनियमच्या अणूच्या गाभ्यावर न्यूट्रॉन आदळला की गाभा फुटतो, उष्णता निघते, आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात, ते शेजारच्यांना फोडतात. उष्णतेने पाण्याची वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचं, झाली वीज. (एवढा उपद्व्याप शेवटी पाणी उकळायला!) मुक्ता म्हणाली, "गेनाऊ." तेव्हा मी ठरवलं, प्रयोगच करायचा. आपल्या शाळेत सत्त्याऐंशी साली तू चार सापळे आणून जो फसवलास, तोच.

इथल्या हार्डवेअरच्या दुकानातून साठ उंदीरसापळे आणि एकशेवीस पिंगपाँगचे चेंडू घेतले. रांगेत माझ्यामागे नेमक्या आमच्या घरमालकीण फ्राऊ केस्टलर. त्या खालीच राहतात आणि त्यांच्या दारावर पिवळं स्टिकर आहे, हसरा सूर्य आणि "अणुऊर्जा? नको, धन्यवाद." मी हसून गुटेन टाग केलं. त्या माझ्या सामानाच्या ढकलगाडीकडे बघत राहिल्या. आपल्या भाडेकरूंकडे साठ उंदीर आहेत असा हिशेब त्यांनी मनाशी केला, हे मला कुठून कळणार?

काल दुपारी बैठकीत सापळे मांडले, प्रत्येकावर दोन चेंडू. (सापळा म्हणजे गाभा, चेंडू म्हणजे न्यूट्रॉन.) अडीच तास लागले, अंगठा तीनदा सापडला. शेवटचा सापळा लावल्यावर ध्यानात आलं की आपण बाहेरून आत मांडत आलो आणि आता मधोमध स्टुलावर पाय वर घेऊन बसलोय. अभिमन्यू झाला माझा! मुक्ता सोफ्यावर पहिला चेंडू टाकायला सज्ज. इतक्यात बेल वाजली. आमच्या लेकीने, ऊर्मिलाने दार उघडलं तर फ्राऊ केस्टलर, आणि सोबत पेटी घेतलेला उंदीर मारणारा माणूस. समोर ते दृश्य बघून बाईंच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा सुटला, तो थेट पहिल्या सापळ्यावर.

यशवंता, दोन सेकंद! फटाफट साठही उडाले, चेंडू छतापर्यंत, एक ऊर्मिलाच्या चहात, एक त्या माणसाच्या टकलावर. मला वाटलं, गेलं घर, आता लेकीला तोंड कसं दाखवू? तर फ्राऊ केस्टलर हसायला लागल्या त्या थांबेचनात. आणि मुक्ता ओरडली, "आजोबा, परत करू या ना!" मराठीत! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. (कारण अंगठा नव्हे.)

परत केलं. मी दहा लावेपर्यंत त्या गृहस्थाने चाळीस लावले, शेवटी धंद्यातला माणूस. बाई म्हणाल्या (ऊर्मिला मराठीत सांगत होती), म्हणूनच तर माझं स्टिकर आहे. मी तोंड उघडलं, तोच मुक्ताने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि स्वतःच सगळीकडे उशा उभ्या केल्या. भट्टीत जास्तीचे न्यूट्रॉन गिळणाऱ्या कांड्या असतात, त्या म्हणजे या उशा. या वेळी सातच सापळे उडाले. बाई खूश. पण जाताना विचारून गेल्या की भट्टीतला कचरा ठेवणार कुठे? मी सापळे गोळा करायला लागलो. स्टिकर आहे तिथेच आहे, मात्र आज त्यांनी केक पाठवला.

तुझा मिशीसकट,
भास्कर

ता. क. सापळे मी परत येताना आणतोय. मुक्ता डिसेंबरात कराडला येईल, तेव्हा हेडमास्तरांकडून नववीचा एक तास मागून ठेव. प्रयोग ती करणार आहे, मराठीत.

ता. क. २. इतके दिवस का बोलली नाहीस, असं मी तिला विचारलं. म्हणाली, "आजोबा, तुम्ही मधे थांबता कुठं?" तेव्हा खरं काम हे, की त्या तासाला तू माझ्याशेजारी मागच्या बाकावर बस. आणि मी तोंड उघडलं की मधे धरायला उशी घेऊन ये.