नऊशे वर्षांचा इतिहास आणि एक फाटकवाला

४ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचायची नाही. तरी पुढेमागे माझ्यावर कुणी ग्रंथ लिहायला बसलंच, तर बिचाऱ्याला साधनं हवीत.

आमचा गेम छत्तीस दिवसांनी बाजारात येतोय. नाव 'सप्तसिंहासन'. कंपनीत आम्ही पाच जण. तलवारी, ड्रॅगन, जादू वगैरे किरकोळ कामं बाकीचे चौघं बघतात. आत्मा माझ्याकडे. सात राज्यांचा नऊशे वर्षांचा इतिहास मी एकट्यानं लिहिलाय. वंशावळी, दोन लिप्या, पर्जन्यमानाचा तक्ता. चारशे बारा पानं. त्याचं सार गेमच्या सुरुवातीला एक वृद्ध राजा प्लेअरला ऐकवतो. अकरा मिनिटं. दोघंही उभे.

संकल्प: रोज हजार शब्द. चहा दोनच कप. प्रोग्रामरशी वाद नाही.

दुपारी ४
चहा पाच. वाद एक. शब्द शून्य, पण चिंतन भरपूर.

७ फेब्रुवारी
सासरे राहायला आले. मोतीबिंदू. एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात. काळा चष्मा, वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही. मग माणसाकडे उरतं काय? बोलणं.

माझी लिहायची खोली त्यांना दिली. (बायकोनं दिली.) मी आता हॉलच्या कोपऱ्यात, इस्त्रीच्या टेबलावर. महान साहित्य अडचणीतच जन्मतं.

सासरे रेल्वेच्या फाटकावर चौतीस वर्षं होते. गाडी यायच्या वेळी फाटक पाडायचं, गेली की उचलायचं. निवृत्त झाले, पण लोकांना अडवायची सवय गेली नाही. सकाळी मी दारात बूट घालतोय आणि यांचं सुरू. एवढी घाई कुठली? खाऊन निघालात का? घरात सांगून निघालात का? परत किती वाजता?
मी 'हो' म्हणतो. चारही प्रश्नांना मिळून एक. वेळ वाचतो.

१२ फेब्रुवारी
आमच्याकडे एक टेस्टरबाई आहेत. दिवसभर गेम खेळून चुका काढायच्या, हे काम. आधी वीस वर्षं शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे चुका काढताना आनंद होतो.

त्यांनी बाहेरच्या बारा लोकांना बोलावून गेम खेळायला दिला. आज मीटिंगमध्ये निकाल. माझ्या राजाचं निवेदन सुरू झाल्यावर बारापैकी अकरा जणांनी ते वगळून पुढे जायचं बटण दाबलं. मी विचारलं, बारावा? बारावा पाणी प्यायला गेला होता.

मी साधा उपाय सुचवला. ते बटणच काढा. मालक खो खो हसले. मी विनोद केला नव्हता.

टेस्टरबाई म्हणाल्या, लोक असल्या गेममध्ये इतिहास ऐकायला येत नाहीत हो. आपण तिथे आहोत याची तिथल्या कुणीतरी दखल घ्यावी म्हणून येतात. आपण काही बोललो, कुणाचं बरं-वाईट केलं, तर त्या जगाला ते आठवायला पाहिजे. नाहीतर ते जग कसलं, नुसता देखावा.

गणिताच्या बाईंनी साहित्यात पडू नये, असं मी ठणकावून सांगितलं. (मनात.)

१८ फेब्रुवारी
अपमान. मालकांनी बोलावून सांगितलं, गावातली चाळीस माणसं मुकी आहेत, त्यांना बोलायला काहीतरी लिहा. लोहार, गवळण, शिंपी, पुलावरचा फाटकवाला. परवापर्यंत द्या.

नऊशे वर्षांच्या इतिहासकारानं गवळणीचे डायलॉग लिहायचे! म्हणजे हत्तीला जात्याला जुंपलं.

निर्णय: निषेध म्हणून मुद्दाम वाईट लिहिणार.

१९ फेब्रुवारी, दुपारी ३
घरून काम. लोहार झाला ('तलवार हवी?'). गवळण झाली ('दूध हवं?'). निषेध जोरात. एकोणचाळीस माणसं दीड तासात उरकली. फाटकवाल्यापाशी मात्र अडलो. काही केल्या पुरेसं वाईट सुचेना.

सासरे शेजारी बसून, फाटकावरच असल्यासारखे, आपले आपण बोलत होते. मी ऐकत नव्हतो, नुसतं टाइप करत होतो. 'एवढी घाई कुठली?' 'खाऊन निघालास का?' 'ही पायातली चप्पल बघू. यावर डोंगर चढणार?' 'आईला सांगून निघालास ना?' 'जाताना सगळे पळत जातात. परत येतात ते सावकाश येतात. मी दोन्ही बघितलंय.' अशी दोन पानं भरली. न वाचता पाठवून दिली.

सूड घेतल्याचं समाधान. त्यावर चहा. (सहावा. पण सुडाचा, म्हणून मोजला नाही.)

२१ फेब्रुवारी
टेस्टरबाई स्वतः माझ्या टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, तो फाटकवाला फार छान जमलाय. तो विचारतो त्याचं उत्तर प्लेअरला देता आलं, आणि ते त्याच्या लक्षात राहिलं तर?
प्रोग्रामरनं लगेच बाह्या सरसावल्या. आता दोन दिवस तेच करणार म्हणे. दोन दिवस! पर्जन्यमानाच्या तक्त्यासाठी या माणसाकडे दोन मिनिटं नव्हती.

१२ मार्च
गेम आला. ऑफिसात टाळ्या. चित्रकारानं मला मिठी मारली, मग लक्षात आलं की तो माझ्या मागे उभ्या प्रोग्रामरकडे निघाला होता.
आता इतिहासाची वाखाणणी किती होते, एवढंच बघायचं.

१५ मार्च
फोरमवर, म्हणजे जिथे प्लेअर मंडळी आपसात लिहितात तिथे, सकाळपासून बसलोय. आमच्या ड्रॅगनला चौदा वेगवेगळ्या ज्वाळा आहेत. त्यावर दोन ओळी. उरलेलं सगळं फाटकवाल्यावर.

एकानं लिहिलंय: 'सोळा तास खेळलो, ड्रॅगन मारला, गाडीभर सोनं घेऊन पुलावर परत आलो. फाटकवाल्यानं सोन्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, आईला सांगून निघाला होतास, परत आलास ते सांगितलंस का? मी गेम बंद केला आणि आईला फोन लावला.'
खाली चारशे उत्तरं. बरेच जण रडलेत. एका बाईनं लिहिलंय, मी ड्रॅगनकडे जातच नाही, त्याच्याशी बोलायला पुलावर जाते.

हळवे लोक. गेमचा प्रेक्षक दिवसेंदिवस घसरतोय.

इतिहासावर एकच अभिप्राय: 'सुरुवातीचा म्हातारा किती वेळ बोलतो हो? मला वाटलं माझ्या हातातला कंट्रोलर बिघडला.'
बोलतो हे त्याच्या लक्षात आलं. ही सुरुवात आहे.

१७ मार्च
लोकांना थोडी दिशा दाखवायला हवी. फोरमवर 'इतिहासप्रेमी१' नावानं गेलो. वंशावळींवर तेराशे शब्दांचा समतोल लेख लिहिला. उत्तर येईना, म्हणून 'इतिहासप्रेमी२' होऊन त्याला पाठिंबा दिला. मग २ ची भाषा थोडी लोचट वाटली, म्हणून १ नं त्याला झापलं.
चर्चा रंगात आली असताना दोघांचीही खाती बंद. कारण: 'मजकूर माणसानं लिहिलेला वाटत नाही.'

२० मार्च
संध्याकाळी घरी आलो तर बायको हॉलमध्ये गेम खेळत होती. सासरे शेजारी. त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं परवाच झालंय, म्हणून ही त्यांना वाचून दाखवत होती. पुलावरच पोचले होते.

ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, हा माणूस कधीतरी फाटकावर बसलेला असणार. घरबसल्या हे सुचत नाही. कोण आहे, चौकशी करा, मला भेटायला आवडेल.

मी स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज उघडून उभा राहिलो.
बायको मागोमाग आली. म्हणाली, हे बाबांचं बोलणं आहे ना?
मी तिला निरीक्षण, आत्मसात करणं आणि कलात्मक रूपांतर या तीन पायऱ्या समजावून सांगितल्या. तिनं फ्रिजचं दार लावलं. म्हणाली, घरात त्यांना 'हो' म्हणून उडवून लावतोस, आणि तेच बोलणं बाहेर नेऊन मिरवतोस. बाबांना सांग.
उद्या सांगणार. ठाम.

२१ मार्च
ते झोपले होते.

२२ मार्च
मी झोपलो होतो.

२३ मार्च
दोघंही जागे. विषय हवामानाकडे गेला.

२९ मार्च, संध्याकाळी ६.३०
आज चाहत्यांचा मेळावा. शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. दीडशे माणसं. निम्म्यांनी पुठ्ठ्याच्या फाटकवाल्याच्या टोप्या करून घातलेल्या. राजाचा मुकुट कुणाच्याच डोक्यावर नाही. मुकुट करायला अवघड असतो.

माझं भाषण: 'काल्पनिक जग लोकांना का आवडतं: सात सूत्रं'. चाळीस मिनिटांचं. पहिलं सूत्र, सुसंगत वंशावळ. ते संपता संपता मागून एकानं हात वर केला. फाटकवाला कसा सुचला?
म्हणालो, दीर्घ चिंतनातून.
तिसऱ्या रांगेत बायको बसली होती, शेजारी सासरे. तिनं माझ्याकडे असं बघितलं की माझा चष्मा घसरला.

दुसऱ्या सूत्राच्या मध्यावर सासऱ्यांच्या पलीकडची मुलगी पर्स घेऊन उठली. तिला हे म्हणाले, आणि फाटकावर चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही: 'एवढी घाई कुठली? काही खाऊन आलीस का? बस. त्यांचं संपेलच कधीतरी.'

हॉल आधी हसला. मग सगळ्यांच्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. ती मुलगी म्हणाली, आजोबा, तुम्हीच का ते? हे म्हणाले, ते कोण? मी साधा फाटकवाला.
दीडशे माणसं उभी राहिली. मीही राहिलो. आधीपासूनच उभा होतो, पण तरी.

त्यांना स्टेजवर आणलं. खुर्ची एकच होती, मी दिली. माइकही एकच होता.

त्या मुलीनं विचारलं, तुम्ही सगळ्यांना आईला सांगून निघालास का, असं का विचारता?
सासऱ्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला. म्हणाले, नोकरीला लागून वर्ष झालं होतं. फाटक पडलेलं. एक पोरगा रोज सायकल वाकडी करून खालून जायचा. मी रोज ओरडायचो. त्या दिवशी कंटाळलो, ओरडलो नाही. गाडी आली. संध्याकाळी त्याची आई फाटकावर आली, विचारायला लागली, शेवटचं काही बोलला का तो? मला सांगता येईना. बोललोच नव्हतो आम्ही. तेव्हापासून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून काहीतरी विचारतो. उत्तर दिलं नाही तरी चालतं. थांबतो ना तो तेवढा.

टेस्टरबाईंनी चष्मा काढून पुसला.

मी बारा वर्षं या माणसाचा जावई आहे. मला हे माहीत नव्हतं. घरी जाताना गाडीत बायकोला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, हो. मी विचारलं होतं.

मग सासऱ्यांना सांगून टाकलं. ते शब्द तुमचे होते, न विचारता घेतले.
ते म्हणाले, अहो जावईबापू, मला वाटायचं तुमचं माझ्याकडे लक्षच नसतं. आणि तुम्ही तर लिहून घेत होतात!
चेहरा असा उजळला की मला खिडकीबाहेर बघावं लागलं. बाहेर पेट्रोल पंप होता. नीट बघितला.

३ एप्रिल
दुसऱ्या भागाचं ठरलं. मालकांनी श्रेयाच्या नावांची यादी दाखवली. संवाद: सासरे. लेखनिक: मी. राजाचं निवेदन अकरा मिनिटांवरून नऊ सेकंदांवर आणलंय. संघभावना म्हणून मान्य केलं.
सासऱ्यांचे डोळे बरे. ते स्वतःच्या घरी परत गेले. माझी खोली मला मिळाली. फार शांत आहे. इतकी शांतता लिहायला बरी नसते.

१० एप्रिल
फाटकवाल्याचे नवे संवाद स्वतःच लिहिले. एवढं काय त्यात? 'हे पांथस्था, काळाच्या या सेतूवर क्षणभर विसाव.' अशा साठ ओळी.
टेस्टरबाईंचा शेरा एका शब्दाचा: 'कोण?'

१४ एप्रिल, दुपारी २
सासऱ्यांना फोन केला. कामासाठी. वही उघडून बसलो होतो. पण ते म्हणाले, माझं रोजचंच आहे, तुम्ही सांगा. ते राजांचं काहीतरी लिहिलंय म्हणे तुम्ही, काय आहे ते?

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. मालकांनी नाही, बायकोनं नाही, दीडशे चाहत्यांनी नाही. उठलो, दार लावलं, पाणी प्यायलो, आणि पहिल्या घराण्यापासून सुरुवात केली. ते 'हं' म्हणत होते. जाणकार श्रोत्याचा 'हं' वेगळाच असतो. दुसऱ्या घराण्यात 'हं' थोडे लांबले. तिसऱ्यात, ऐन गादीच्या लढाईत, पलीकडून वेगळाच आवाज यायला लागला.

बाबा, म्हटलं. पुन्हा तोच आवाज. खोल, संथ, मध्येच शिट्टी.

फोन ठेवणं बरं दिसलं नसतं. चौथं घराणं पूर्ण केलं. पर्जन्यमानही सांगितलं. मग लक्षात आलं की कामासाठी फोन केला म्हणून मी सुरुवातीपासून रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं.

दुपारी ३.१५
टेस्टरबाईंना पाठवलं: 'फाटकवाला, दुपारी घोरतो.' दोन मिनिटांत फोन आला. म्हणाल्या, तुमच्याकडून आलेली ही आजवरची सर्वात जिवंत गोष्ट आहे. पुलावर लगेच टाकते. पण मागे कुणीतरी सारखं बडबडतंय, तेवढं काढून टाकू ना?

काढा म्हटलं.