माझी गुप्त चौकशी

१३ जानेवारी
इंटरव्ह्यू झाला. गुप्तचर खात्याचे तीन साहेब समोर. मधले म्हणाले, कायद्याची पदवी घेऊन इथे काय करणार? मी ठोकून दिलं — ऐकीव गोष्ट आणि पुरावा यातला फरक वकिलालाच कळतो, सर! साहेब हसले. आता फक्त चौकशी उरलीय. खात्याचा माणूस गुपचूप येऊन शेजारीपाजारी विचारणार. तोवर कुणाजवळ बोलायचं नाही. आईजवळ तर नाहीच. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, सगळ्या बेलवलीला कळेल. कल्याण कोर्टात गेले होते म्हणून सांगितलं.

उल्हासनगरला हरेश सरांच्या वकिली ऑफिसात चेक बाउन्सच्या नोटिसा टाइप करून बोटं झिजली माझी. ही नोकरी मला हवीच आहे.

१९ जानेवारी
माणूस आला! समोरच्या रंजनाकाकूंना जिन्यात गाठून माझा स्वभाव कसा, घरी कधी येते, सगळं विचारलं. पायात लाल पोलिसी बूट — काकूंनी स्वतः पाहिले. काकूंना वाटलं, स्थळाकडून आलाय. मग काय! मुलगी गरीब गाय, उलटून बोलत नाही, घर सोडून कुठे जात नाही, आणि आईपासून काही म्हणजे काही लपवत नाही.

मेले! अशा मुलीला हेर कोण करेल?

२० जानेवारी
काकूंकडे हळदीकुंकू. स्वयंपाकघरात गाठून साक्षीदार पढवला. पदवीचा पहिला खरा उपयोग. पुन्हा आला तर सांगा म्हटलं — रुचिका कुणाला थांगपत्ता लागू देत नाही, वेळी-अवेळी बाहेर असते, समोरच्याच्या तोंडून हवं ते काढून घेते. काकू वाणाचा डबा हातात धरून बघतच राहिल्या. "अगं बाई, असं सांगितलं तर तुला करून घेईल कोण?" खरं सांगता येईना. शेवटी शपथ घातली.

२३ जानेवारी
आला होता. काकूंनी शब्द पाळला. पदरचंही घातलं — फोनवर सिंधीत बोलते, कुणाशी ते देव जाणे! काकू, पाय कुठायत तुमचे!

२७ जानेवारी
घरात सुतक. मोरिवलीच्या स्थळाने नकार कळवला. कसलं स्थळ? तर म्हणे मुलाचा मामा दोनदा चौकशीला येऊन गेला. मामा एमआयडीसीत सिक्युरिटीला आहे, म्हणून ते बूट. मुलगी फार बेरकी आहे, असा निरोप. आई डोळ्याला पदर लावून बसलीय.

बूट पाहिले, तेही काकूंनी, आणि मी निकाल देऊन मोकळी. वाहवा वकीलबाई! स्थळ गेलं त्याचं काही नाही. पण खरा माणूस अजून यायचाय, आणि नकार ऐकून काकूंनी कानाला खडा लावलाय. आता कुणीही विचारलं तरी मी गरीब गायच. बाथरूममध्ये जाऊन रडले.

४ फेब्रुवारी
फोन आला. चौकशी पूर्ण, अहवाल चांगला, रुजू व्हा! पण चौकशीला आलं कोण? कधी?

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "संक्रांतीनंतर लगेच आलेला. खाली दोघातिघांशी बोलला, मग वर चहा पिऊन गेला. कुणाला सांगू नका म्हणाला. नाही सांगितलं."

"आणि ते स्थळ?"

"बिल्डिंगमध्ये विचारायला लागले, कोण आलेला म्हणून. स्थळाकडचा म्हणून सांगितलं. मग लोकांना एखादं स्थळ दाखवायला नको?"