घाटघरचे लाल ठिपके

मंगळवार, डिसेंबर २००२, नारायणगाव

भाताच्या पाहणीचा आलेख आज निघाला एकदाचा. कमांडमध्ये कॉमा राहिला की कॉम्प्युटर नुसता एरर फेकत होता. आडव्या अक्षावर रोपांची उंची, उभ्यावर दाण्याचं वजन, प्रत्येक गावाला वेगळा रंग. मी मोजलेल्या गावांचे ठिपके कसेही विखुरलेले, शेतात असतं तसं. आणि घाटघरचे लाल ठिपके? वाफ्यातल्या कांद्याच्या रोपांसारखे एका रेषेत!

घाटघरची मोजणी विलासरावांची. डोंगरावरचं भात एवढ्या शिस्तीत वाढतं होय? हा माणूस तिकडे गेलाच नाही. जुन्नरला बसून आकडे ठोकले.

आणि हाच काल ऑफिसात सगळ्यांसमोर मला म्हणाला, "मॅडम, तुमी चहाचं बघा, आकड्यांचं आमी बघतो." सगळे हसले. मी मुकाट्याने चहा नेऊन दिला. का दिला?

संध्याकाळी तो माझ्या टेबलापाशी आला. सांगावं का, असं क्षणभर वाटलंही. तेवढ्यात स्क्रीन बघून म्हणाला, "आमचं घाटघर लई भारी दिसतंय की! एकदम सरळ. उद्या साहेबांना हेच दाखवा. लाल ठिपके जरा मोठे करा."

केले. कमांडमधला एक आकडा वाढवला, बास. पुण्याच्या साहेबांचं आयुष्य भातशेतीत गेलंय, त्यांना सांगावं लागणार नाही. मी तोंडही उघडणार नाही.

फक्त उद्या साहेब आलेख बघत असताना विलासरावांचा चहा मीच नेणार. भरपूर साखर घालून. आणि कप रिकामा होईपर्यंत समोरून हलणार नाही.