दुपारी बाराचं पाणी

नाना, आज माझ्या एका विद्यार्थिनीनं समुद्राच्या पाण्याचा नमुना आणला आणि वेळेचा रकाना कोराच ठेवला. मी तिला इतकं झापलं की बिचारीचं तोंड उतरलं. खरं तर तो सगळा राग तुमच्यावरचा होता. वडील म्हणून तोंडावर कधी बोलता आलं नाही.

तुमचं सगळं बारा वाजता. शाळेत विज्ञान शिकवायचात आणि रविवारी भर दुपारी मला घेऊन घराजवळच्या सागरावर, म्हणजे आपल्या उज्जैनच्या तळ्यावर, जायचात. भैरवगढच्या कापड छापणाऱ्या छिप्यांकडून आणलेल्या कोऱ्या मलमलीची जाळी मी पाण्यावरून फिरवायची, मग घरी तुम्ही आरशावर ऊन धरून सूक्ष्मदर्शकात बघायचात. दिसायचं काहीच नाही. "जाळी बरोबर धरत नाहीस. ध्यान कुठे असतं तुझं?" मी सांगून थकले की पाण्यातले ते सूक्ष्म जीव दिवसा माशांना भिऊन तळाशी बसतात, अंधार पडला की वर येऊन शेवाळ खातात, तुमच्याच पुस्तकात वाचलं होतं. "दिवेलागणीनंतर मुलीनं तळ्यावर जायचं नाही. बस." त्याच साली मध्यभारताचा मध्यप्रदेश झाला, शाळेची पाटी एका सकाळीत बदलली, तुमचा नियम मात्र जागचा हलला नाही. मला किनाऱ्यावरच्या कॉलेजात शिकायला जायचं होतं, तर म्हणालात, "उज्जैनमध्ये सात-सात सागर आहेत, आणि तुला समुंदर पाहिजे? इथल्या पाण्यात तर एक जीव सापडत नाही तुला."

मी स्वयंपाकघरात रडत बसले. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मी तर रोज दिवेलागणीच्या आरतीला तळ्यावरच्या देवळात जाते. दे ती जाळी इकडे." शनिवारी संध्याकाळी तिनं पूजेच्या टोपलीतून भरलेली बाटली आणली आणि रविवारी मी ती दुपारच्या बाटलीच्या जागी ठेवली. तुम्ही काचेतून बघताय, बघतच राहताय. शेकडो जीव, प्रत्येकाच्या पोटात हिरवी रेघ. शेवटी म्हणालात, "हात बसला तुझा. जा तू त्या कॉलेजात."

बाटलीच्या गळ्याला आईच्या कुंकवाचं बोट लागलं होतं. तुम्ही ते धोतराच्या सोग्यानं पुसलंत आणि रजिस्टरात लिहिलंत, वेळ दुपारी बारा. इतक्या काटेकोर माणसाला कुंकू दिसलं आणि कळलं काहीच नाही? की कळलं होतं, आणि नियम न मोडता मला सोडायला तुम्हाला हाच एक रस्ता सापडला? मग सरळ सांगायला काय झालं होतं?

ते रजिस्टर माझ्याकडे आहे. खोटी वेळ लिहिणाऱ्याला मी अख्खं पान पुन्हा लिहायला लावते; तुमच्या त्या पानाला मात्र कधी हात लावला नाही. हा कागदही तिथेच ठेवते. तुम्ही होतात तोवर विचारलं नाही, कारण तुम्ही "हो, कळलं होतं" म्हणाला असतात, तर मला तुमच्यावर रागावता आलं नसतं.