आसारामचे वैमानिकी घड्याळ

२ मे २०२५, शुक्रवार, रात्री ८.१०
प्रविणने पारावर सांगितलेला वृत्तान्त चुकीचा आहे. आसारामचे नवे घड्याळ पाहून मी 'तोंड पाडून उठलो' नाही. वडवणीच्या बसची वेळ झाली म्हणून उठलो. बस वेळेआधीच निघून गेली होती. ती नेहमीच वेळेआधी सुटते. तक्रारीचे सहावे पत्र लिहिणे.

आसाराम आमच्या शाळेचा शिपाई, मी मुख्याध्यापक. दोघेही निवृत्त. त्याचा जीवन दुबईत विमाने दुरुस्त करतो. त्याने बापाला जुन्या वैमानिकांच्या धर्तीचे महागडे घड्याळ पाठवले. हातमोजे न काढता फिरवता यावी म्हणून किल्ली कांद्याएवढी. जाकिटावरून बांधता यावा म्हणून पट्टा लांबलचक. आसाराम आजवर पाण्याच्या टाकीहून उंच गेलेला नाही.

जीवनला घड्याळ पाहावयास मी शिकवले. मला हेवा वाटत नाही.

५ मे, सोमवार
संकल्प: त्या घड्याळाचा विषय काढावयाचा नाही.

दुपारी काढला. आसारामला सांगितले की घड्याळाची किंमत शिस्तीत असते. माझे निवृत्तीच्या वेळी मिळालेले घड्याळ मी आजही रोज सकाळी शाळेच्या भिंतीवरील घड्याळाशी जुळवतो. तो खाली पाहून हसला. श्रीमंतीने माणूस उर्मट होतो.

९ मे, शुक्रवार
प्रविणच्या बहिणीचे, उज्ज्वलाचे, लग्न १४ तारखेस. गावातील लग्नांत घड्याळ धरण्याचा मान एकोणीस वर्षे माझा. मी मान हलविल्याशिवाय अंतरपाट खाली येत नाही. यंदा तो मान आसारामला. पाहुण्यांना विमानाचे घड्याळ दाखवायचे आहे म्हणे.

संकल्प: लग्नास जाणार नाही.

१४ मे, बुधवार, दुपारी ३.२०
गेलो. जेवणासाठी नव्हे, तत्त्वासाठी.

मुहूर्त १२.३५. आसारामने हात वर केला. मी उठून म्हणालो, "थांबा. अजून अकरा मिनिटे आहेत." मांडवभर मोबाइल बाहेर निघाले. वरपक्षाचा एक तरुण बोलू लागला, तोच आसारामने सदऱ्याची बाही घड्याळावर ओढली. म्हणाला, "माजंच पुढं पळतंय. गुरुजींचं धरा."

भटजींनी मंगलाष्टके पुन्हा आरंभिली. मी मान हलविली. अंतरपाट पडला. विदेशी यंत्राचा संपूर्ण पराभव.

१५ मे, गुरुवार (वेळ नंतर लिहीन)
सकाळी आसारामकडे सांत्वनासाठी गेलो. घड्याळ दुरुस्तीस जीवनकडे परत पाठव, असे सुचविले. त्याची पत्नी कडूबाई चहा घेऊन आली होती. तिला राहवले नाही.

"गुरुजी, साळंचंच घड्याळ अकरा मिन्टं मागं हाय. ह्येंनीच ठिवलंय."

आसाराम तिच्यावर रागावला. मग मला म्हणाला, "वस्तीवरची पोरं मेंढरं सोडून यायची. उशीर झाला की तुमी उनात उभं करायचे. आमचा जीवन बी त्यातच. म्हणून काटा मागं सारला."

आजवर का सांगितले नाहीस, असे विचारले.

"तुमी रोज त्यालाच जुळवायचे, गुरुजी. कसं सांगावं?"

चहा चांगला होता. रोजनिशीतील पुढील नोंदी दुरुस्त समजाव्यात:

२६ जानेवारी २००१: जीवनला 'वक्तशीर विद्यार्थी' बक्षीस दिले. तो वर्षभर उशिरा येत होता.
३१ मे २००६: माझा निरोपसमारंभ पाचला नव्हे, पाच वाजून अकरा मिनिटांनी सुरू झाला. विषय वक्तशीरपणा.
३ मे २०१३: माझी कन्या बबिता हिच्यावर अक्षता १२.१८ ला नव्हे, १२.२९ ला पडल्या.
१४ मे २०२५: पराभव झाला, पण यंत्राचा नव्हे.
२ मे २०२५: बस वेळेवर सुटली होती. प्रविणचा वृत्तान्त बरोबर आहे.