अन्वीनं लिहिलेली ओळ

टार्निट, मंगळवार संध्याकाळ

आज स्वतःचीच लाज वाटतेय. अन्वीच्या वर्गाची टॅबलेटवर एक सामायिक वही आहे. मुलं त्यात असाइनमेंट लिहितात आणि आम्हा पालकांनाही लिंक दिलीय, वाचायला म्हणून, पण त्यात लिहिताही येतं. काल ब्रेकमध्ये मी ती मोबाइलवर उघडली. अन्वीनं लिहिलं होतं, माझी मम वेअरहाऊसमध्ये पॅकिंग करते आणि तिच्या शिफ्टमध्ये ती सगळ्यात फास्ट आहे.

मी ती ओळ पुसली आणि लिहिलं, माझी मम इंजिनिअर आहे. अंगात वेअरहाऊसचं पिवळं जॅकेट असताना! पुण्याची डिग्री आहे की, इथे परदेशात कामी आली नाही एवढंच, खोटं काय त्यात? पण वर्गात अजून दोन मराठी मुली आहेत, त्यांच्या आयाही ही वही वाचतात आणि गणपतीत मला भेटतात. खरं कारण तेवढंच.

वहीत कोणी काय बदललं तेही दिसतं, हे मला कुठे ठाऊक? आज टीचरनं ते पान मोठ्या स्क्रीनवर लावलं. ओळीशेजारी माझं नाव, आख्ख्या वर्गासमोर.

अन्वी चिडली असती तर बरं झालं असतं. जेवताना हळूच म्हणाली, "सॉरी मम, आय थॉट यू वर द फास्टेस्ट." तिला वाटलं तिचंच चुकलं, म्हणून मी दुरुस्त केलं.

"अगं, आहेच मी फास्टेस्ट," मी म्हटलं. "परत तसंच लिही."

तिनं टॅबलेट उघडला, माझ्याकडे बघत थांबली.

"आर यू शुअर?"