ठमी नेईल तिकडे

ता. ३ मार्च

चि. छोटीस, अ. उ. आ.

तुझी ठमी जिवंत आहे हे आधी सांगते, कारण काल ती मेली असं समजून मी जिन्यात बसून रडले. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला काट्यावर ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिला कोंबते. तुझ्या नर्सिंग क्वार्टर्समध्ये मांजर चालत नाही म्हणून तू ती माझ्या गळ्यात घातलीस, तेव्हापासून मी वाटीनं मोजून खायला घालते. तरी फुगतेच आहे. दुपारी खिडकीतून जाते ती दिवेलागणीला उगवते. डॉक्टर म्हणाले, मोकळी सोडू नका, पट्टा बांधून फिरवा.

शिवणाच्या घरात पट्टा विकत आणायचा म्हणजे नामुष्कीच. तुझ्या कोटाच्या उरलेल्या अस्तराचा मीच शिवला. बांधला मात्र, आणि ठमी आडवी. डोळे उघडे, पाय ताठ. बाबा रोजच्यासारखे वाचनालयात गेलेले. संध्याकाळी त्यांनी येऊन पट्टा सोडला, तर बाईसाहेब उठून वाटीकडे चालू लागल्या. बाबा म्हणाले की पट्ट्याची एक बाजू दोन बोटं लांब झालीय. मी म्हटलं, कापडच तिरपं होतं.

बाबांना अजून पाण्याचा पेलाही हातात द्यावा लागतो. सकाळी मशीनपाशी बसून माझ्या सुयांत दोरे ओवून ठेवतात, तेवढाच त्यांचा विरंगुळा. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले हात, त्यांना स्वस्थ बसवत नाही.

मांजर फिरवतात कसं, ते कळव. ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वॉर्डात वाचलं आणि हसू लपवायला खोकल्याचं सोंग केलं, तर डॉक्टरांनी मलाच गोळी दिली. अगं, पट्टा बांधला की मांजराला वाटतं आपल्याला कुणी धरलंय, म्हणून ते आडवं होतं. पट्टा काही दिवस नुसता वाटीजवळ ठेव. मग खाताना अंगावर चढव. मग घरातल्या घरात दोरी मागे फरफटू दे. बाहेर नेलंस की ओढायचं मात्र नाही. ती नेईल तिकडे तू जायचं.

आता रागावू नकोस. कापड तिरपं नव्हतं. माझ्या कोटाचीही एक बाही लांब झालीय. चष्मेवाल्यांनी तुझे डोळे तपासले, चष्मा करायला घेतला आणि त्यातच लग्नाचं विचारलं, त्याला दोन वर्षं झाली. बाबांना एकटं कसं सोडू म्हणून तू नाही म्हणालीस, ते तुझं तू जाण. पण चष्मा तरी आणायचास. त्या रस्त्यानं जाणंच टाकलंस. बाबांना सांगायचं नाही अशी शपथ घातलीस, म्हणून गप्प आहे.

बाबांना नमस्कार. तुझा लोभ माझ्यावर आणि ठमीवर सारखाच असू दे.

तुझी,
छोटी

ता. २८ मार्च

चि. छोटीस, अ. उ. आ.

ठमी चालायला शिकली. इतकी छान शिकली, की मला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

काल दुपारी तिला पहिल्यांदा रस्त्यावर नेलं. तू सांगितलंस तसं ओढलं नाही. शेपटी वर करून ती बेकरीवरून, चौक ओलांडून, औषधांच्या दुकानामागच्या जिन्यानं तडक वर गेली आणि एका दारावर पंजे मारू लागली. मला वाटलं, उंदीर असेल. दार उघडलं, आणि दारात बाबा. वाचनालयात गेलेले बाबा. कमरेला फडकं, हातात मटाराची शेंग. मागून औषधवाल्या बाईंनी विचारलं की आली का सोनी, आणि तुझी ठमी दोरीसकट आत शिरून स्वतःच्या बशीपुढे बसली. बशी काठोकाठ भरलेली. वजन कुठे वाढत होतं, ते तेव्हा उमगलं.

मग मी तोंडाला येईल ते बोलले. तुम्हाला पाणी हातात द्यायला कुणी नाही म्हणून मी चष्मेवाल्यांना नकार दिला आणि तुम्ही इथे शेंगा सोलताय, असं सगळ्या जिन्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं. शेजारची दारं उघडली. दोरी तिथेच टाकून मी घरी आले. संध्याकाळी ते ठमीला काखेत घेऊन परतले. तेव्हापासून मी त्यांच्याशी बोललेले नाही.

राग त्या बाईंचा नाही गं. माझी दोन वर्षं कुणाला नकोच होती, याचं फार वाईट वाटतं.

तुझी,
ताई

ता. ३० मार्च

चि. ताईस, आशीर्वाद.

एका घरात राहून पत्र लिहायची वेळ आली. तू बोलत नाहीस, म्हणून हे तुझ्या टाचण्यांच्या उशीखाली ठेवतोय.

चष्मेवाल्यांचं ऐकून मी हबकलो. मला वाटायचं, तू हट्टानं चष्मा लावत नाहीस. औषधवाल्या बाई वर्षभर म्हणताहेत की लग्न करून इकडेच राहायला या. मी नाही म्हणतो. कारण तुला सुई ओवता येत नाही. गिऱ्हाइकांसमोर दोरा घेऊन चाचपडताना मी तुला पाहिलंय. मी गेलो तर सकाळी तुझ्या सुया कोण ओवणार? बोलून दाखवलं असतं तर तू दुखावली असतीस, म्हणून विरंगुळ्याचं निमित्त केलं. पाणीही मला घेता येतं. तू मशीनवरून उठावंस, डोळ्यांना घटकाभर विसावा मिळावा, म्हणून मागत होतो.

ठमी माझ्याच मागून तिकडे आली. ती चूक माझी. आजपासून बशी बंद.

तुझा,
बाबा

ता. ६ एप्रिल

ती. बाबांस, कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र रोज वाचते. पाणी मागण्याच्या ओळीपाशी येते आणि पुढची अक्षरं दिसत नाहीत.

परवा ठमीला घेऊन निघाले. चौकात ती तुमच्या जिन्याकडे वळली. पहिल्यांदाच मी तिचं ऐकलं नाही. तिला काखोटीला मारलं आणि चष्म्यांच्या दुकानात शिरले. मला पाहून चष्मेवाल्यांच्या हातातली काच पडली. खणातून त्यांनी माझा जुना चष्मा काढला, लावला तर काही धड दिसेना. नंबर वाढलाय. काल त्याच चौकटीत नव्या काचा बसवून मिळाल्या. डोळ्यांवर चढवल्या आणि आधी ठमीचा पट्टा दिसला. असला वाकडातिकडा पट्टा घालून ते मुकं जनावर चारचौघांत हिंडलं, याची मला इतकी लाज वाटली की तिथेच तो सोडून टाकला. आता नवा शिवते.

लग्नाचं त्यांनी काढलं नाही, मीही नाही. हिला फिरायला कुठे नेता, एवढंच त्यांनी विचारलं. ती नेईल तिकडे, असं मी सांगितलं. उद्या संध्याकाळपासून ते सोबत येणार आहेत.

बाईंना माझा नमस्कार सांगा. त्या दिवशीचं बोलणं त्यांनी पोटात घालावं. बशी बंद करू नका, अर्धी करा.

आज तुम्ही उठायच्या आत मी सगळ्या सुया ओवल्या. हे पाकीट डिंकानं चिकटवलेलं नाही. उसवताना टाके पाहिले असतीलच, सरळ आहेत. आता तुम्ही खुशाल जा. माया आहे तशी राहू द्यावी, आणि पाणी मागायला रोज यावं.

तुमची,
ताई